रक्ताला वय असतं

विषाणूची साथ येते, माणसं पिसाळतात, शेजारी शेजाऱ्यावर धावून जातो. या धाटणीचे अतिहिंसक चित्रपट बघणारा मोठा वर्ग आता परभणी, नांदेड, लातूरमध्येही आहे. त्यातल्या काही पोरांच्या हातात कॅमेरा आला की पहिला लघुपट याच प्रकारातला करायचं ठरतं. चांगलंच आहे. या प्रकारात स्टार लागत नाही, सेट लागत नाही. ओळखीचं गाव, चार धाडसी मित्र आणि हाताला कसब एवढ्यावर काम सुरू होतं. कसबाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा चुकलेली दिसते. रक्त भरपूर असतं, पण सगळं एकाच वयाचं असतं. आत्ता चावा घेतलेल्या मानेवर जो लाल रंग, तोच सकाळपासून ओसरीवर पडलेल्या प्रेताच्या सदऱ्यावर. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास तिथेच उडतो.

या प्रकाराचं अगदी टोक बघायचं तर तैवानमध्ये तयार झालेला २०२१चा ‘द सॅडनेस’ बघावा. रॉब जबाझ या मूळच्या कॅनडाच्या दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा चित्रपट. त्यातला मेट्रोच्या डब्यातला हल्ला पोट ढवळून काढतो. पण तो चित्रपट डोक्यात राहतो तो रक्तामुळे नाही. त्यातल्या बाधितांना आपण काय करतोय ते कळत असतं. ते बोलतात, ओठ फाकवून हसतात आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. हसू आणि अश्रू एकाच चेहऱ्यावर. बिनडोक मढी चालत येतात तेव्हा आपण पळायचं कुठे याचा विचार करतो. रडत रडत हसणारा माणूस सुरी घेऊन येतो तेव्हा आत कोण उरलंय हा प्रश्न पडतो, आणि तो जास्त भयंकर आहे. लहान मुलांना आणि कच्च्या मनाच्या माणसांना हा चित्रपट दाखवू नये, हे इथेच सांगून ठेवतो.

म्हणून कामाची सुरुवात रक्तापासून करू नये, विषाणूपासून करावी. एका कागदावर आपल्या विषाणूचे नियम लिहून काढावेत: शिरतो कुठून, लक्षणं दिसायला किती वेळ लागतो, वाचा राहते का, ओळख राहते का, दुखणं जाणवतं का, आणि शेवट कशाने होतो. हा कागद पटकथेच्या आधी लागतो. कारण प्रत्येक नियमाचा परिणाम मेकअपवर, आवाजावर, धावण्याच्या पद्धतीवर होतो. दुखणं जाणवत नसेल तर बाधित माणूस मोडलेल्या पायावर वजन टाकून चालेल. जाणवत असेल तर तो लंगडेल आणि तरीही येईल. दोन्ही चालतं. एका प्रसंगात हे आणि दुसऱ्यात ते चालत नाही.

खऱ्या जगात या सगळ्या कल्पनांच्या मुळाशी रेबीज आहे. चावा, लाळ, पिसाळणं, पाण्याची भीती, सगळं तिथूनच आलेलं. पण खरा रेबीज संथ आहे. विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि तंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. त्यामुळे लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा डोक्याच्या जितका जवळ, तितका हा काळ कमी. मग घशाच्या स्नायूंना पेटके येतात, पाण्याचा पेला समोर धरला तरी अंग आखडतं, वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. लक्षणं सुरू झाल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. आणि एक गोष्ट चित्रपटवाले कधी सांगत नाहीत: रेबीज झालेला माणूस दुसऱ्याला चावत सुटत नाही. तो भेदरलेला, तहानलेला रुग्ण असतो. ज्यांनी हा मृत्यू जवळून पाहिलाय त्यांना पडद्यावरची थट्टा लगेच कळते. गावाकडे आजही कुत्रा चावल्यावर जखमेवर मिरची, चुना, तेल लावणारे लोक आहेत. आपल्या कथेत कुत्रा चावण्याचा प्रसंग असेल तर एका पात्राला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुताना आणि त्याच दिवशी लशीसाठी सरकारी दवाखान्यात जाताना दाखवावं. कथेचं काहीच बिघडत नाही.

चित्रपटाला तीन महिने थांबता येत नाही, म्हणून तो काळ आवळतो. डॅनी बॉयलच्या २००२मधल्या ‘२८ डेज लेटर’मध्ये रक्ताचा थेंब डोळ्यात गेला की काही सेकंदांत माणूस बदलतो. त्यातून नाट्य मिळतं: शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मारायचं की नाही हे ठरवायला वेळच नाही. पण इतका वेगवान विषाणू लांबचा प्रवास करत नाही. परभणीत गाडीत बसलेला बाधित छत्रपती संभाजीनगरपर्यंत शांत पोचलाच नाही तर साथ आठ जिल्ह्यांत पसरणार कशी? इथे बरेच जण दोन्ही हवं म्हणून गोंधळ घालतात. उपाय साधा आहे. सुरुवातीला लांब, मूक काळ ठेवा: तीन-चार तास, नुसता ताप, डोळ्यांत पाणी. गाडी भरलेली असताना पहिला बदल घडू द्या. पुढे प्रत्येक चाव्यागणिक हा काळ कमी होतो असा नियम त्या कागदावर लिहा आणि प्रेक्षकाला तो एकदा, नीट दाखवा.

साथ कोणाबरोबर प्रवास करते हेही ठरवावं लागतं, आणि याबद्दल माझं मत पक्कं आहे. बीडकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगार कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, गाळप संपलं की परततात. पटकथा लिहिणाऱ्याला ही वाट आयती दिसते. ट्रॅक्टर, टोळी, हातात कोयता. पण ज्यांना एरवीही वेशीबाहेर ठेवलं जातं त्यांनाच रोगाचे वाहक म्हणून दाखवणं हा अन्याय आहे. ८ मे २०२० रोजी जालन्याहून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले, आणि त्यांच्या भाकरी रुळांवर पडलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. साथीच्या काळात कोण मरतं हे मराठवाड्याला ठाऊक आहे. आपला विषाणू लग्नाच्या मोटारीतून येऊ द्या, पुण्याहून येणाऱ्या खासगी बसमधून येऊ द्या.

आता रक्त.

हॉलिवूडमध्ये कृत्रिम रक्ताची घडी बसवली ती डिक स्मिथ या रूपभूषाकाराने: मक्याचं सिरप, लाल आणि पिवळा खाद्यरंग, टिकवणारं रसायन आणि फोटो धुताना वापरतात तो ओलावा पसरवणारा द्रव. तो द्रव विषारी, म्हणून ते रक्त तोंडात घ्यायचं नाही. आपल्याकडे मक्याचं सिरप शोधत बसू नये. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, तेच काम करतं. एक किलो लिक्विड ग्लुकोज, तीनशे मिली गरम पाणी. मिळून साधारण एक लिटर होतं. त्यात लाल द्रव खाद्यरंग पंचवीस ते तीस मिली. पावडर असेल तर चार-पाच ग्रॅम, आधी वाटीभर कोमट पाण्यात विरघळवून आणि फडक्यातून गाळून. न विरघळलेला कण अंगावर रेघ ओढतो. पिवळा एक चमचा. निळा तीन-चार थेंब, एकेक करून, कारण एक थेंब जास्त पडला की जांभूळ होतं आणि मागे येता येत नाही.

एवढ्यावर थांबलात तर गुलाबाचं सरबत दिसतं. कारण असं: खऱ्या रक्तात तांबड्या पेशी असतात, त्या प्रकाश अडवतात, म्हणून रक्त अपारदर्शक असतं. आपल्या पाकातून प्रकाश आरपार जातो. म्हणून दोन मोठे चमचे कोको पावडर थोड्या गरम पाण्यात गुठळी न ठेवता कालवून त्यात मिसळायची. पांढऱ्या बशीवर थेंब टाकून बशी तिरकी करावी. थेंबाच्या मागे राहिलेली पातळ रेघ लाल दिसली आणि खालची बशी अस्पष्ट दिसली की जमलं. रेघ गुलाबी दिसली तर आणखी कोको. शेवटी भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब. त्याने रक्त तेलकट कातडीवर मण्यांसारखं गोळा न होता पसरतं. साबण घातलेली बाटली वेगळी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं.

तोंडात धरायचं रक्त मात्र याच मिश्रणातून काढू नये. खाण्याच्या बहुतेक पदार्थांत कृत्रिम रंगाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम असते, आणि आपण इथे त्याच्या साधारण तीसपट घातलाय. तोंडासाठी बीटाचा रस, लिक्विड ग्लुकोज आणि कोको. त्याच दिवशी करायचं. बीटाचा रंग उष्णतेने तपकिरी होतो, म्हणून गॅसवर ठेवायचं नाही.

मराठवाड्यात या गोड रक्ताचे शत्रू तीन. मुंग्या, गांधीलमाश्या आणि मे महिना. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पातळ केलेलं मिश्रण दोन दिवसांत आंबतं, बाटलीचं झाकण फुगतं, वास येतो. आणि जमिनीवर रक्ताच्या थारोळ्यात निपचित पडायची भूमिका ज्याच्या वाट्याला आली, त्याच्या कानात मुंगी गेली की टेक गेला. म्हणून जमिनीवरच्या रक्तासाठी साखर नकोच. गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांचा दाटपणा आणणारा डिंक, घ्यावा. लिटरभर पाण्याला पाच-सहा ग्रॅम पुरतो. थेट पाण्यात टाकला तर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गाठी होतात, त्या काही केल्या सुटत नाहीत. आधी पन्नास मिली ग्लिसरीनमध्ये कालवून मग धार धरून पाण्यात ओतत ढवळायचं. अर्ध्या तासात दाट होतो. हाही उन्हाळ्यात एका दिवसाच्या वर टिकत नाही, पण मुंग्या लागत नाहीत.

आणि आता वय. ताजं रक्त चकाकतं आणि वाहतं. पाच-दहा मिनिटांत ते साकळायला लागतं, पृष्ठभाग लिबलिबीत होतो. नंतर थारोळ्याच्या कडेला पिवळसर पाणी सुटतं, मग कडा आधी वाळते, मध्यभाग ओला राहतो. हवेशी संयोग होऊन लाल रंग तपकिरी होत जातो. म्हणून एका दिवसाच्या कथेसाठी तीन डबे तयार ठेवावेत. पहिला वर सांगितलेला. दुसरा तासाभराचा: कोको दुप्पट, गवार गम जास्त, चकाकी कमी. तिसरा कालचा: त्यात इन्स्टंट कॉफी भरपूर, जवळजवळ काळा, ब्रशने लावून पंख्याखाली वाळवायचा आणि कडा बोटाने खरवडायच्या. प्रत्येक प्रसंगाच्या कागदावर, कोणाच्या अंगावर कोणत्या डब्यातलं रक्त, हे लिहिलेलं असलं पाहिजे. चित्रीकरण कधीच क्रमाने होत नाही. दुपारी शेवटचा प्रसंग, संध्याकाळी पहिला. मोबाइलवर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढल्याशिवाय कोणाला कपडे बदलू देऊ नये.

प्रमाणाचाही हिशेब असतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. दोन लिटरच्या आसपास गेलं की जीव धोक्यात. एक लिटर रक्त सपाट फरशीवर दोन मिलिमीटर जाडीने पसरलं तर अर्धा चौरस मीटर जागा व्यापतं, म्हणजे एका माणसाचं थारोळं पाटापेक्षा मोठं होतं, पण खोली भरत नाही. शेणाने सारवलेली जमीन त्यातलं बरंच शोषून घेते आणि तिथे फक्त काळसर डाग राहतो. शहाबादी फरशीवर तेच लिटर भिंतीपर्यंत उताराने जातं. पांढरा सुती सदरा आणि धोतर रक्त पिऊन कडा पसरवतात, पडद्यावर ते फार परिणामकारक दिसतं, पण तो सदरा गेला. म्हणून एकाच मापाचे चार शिवून घ्यावेत. नायलॉनच्या साडीवर रक्त घरंगळतं, तिथे मिश्रण दाट हवं.

प्रकाशाकडेही बघावं लागतं. भर दुपारी मराठवाड्याच्या उन्हात वरचंच मिश्रण नारिंगी झाक मारतं. दिवसासाठी कोको वाढवा. उलट रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली लाल रंग मळकट, तपकिरी दिसतो, कारण त्या दिव्यात पिवळा-नारिंगी प्रकाशच जास्त असतो आणि परत फेकायला लाल फार थोडा असतो. तिथे कितीही रक्त ओता, चिखल दिसेल. लहानसा पांढरा दिवा बाजूने द्यावा. कोणतंही मिश्रण डोळ्याने पास करू नये, त्याच कॅमेऱ्यातून त्याच जागी पास करावं.

धार हवी असेल तर गावात उपकरण तयारच असतं: कापसावर फवारणीसाठी वापरतात तो पाठीवरचा सोळा लिटरचा पंप. पण फवारणीला एकदाही वापरलेला पंप घ्यायचा नाही. कितीही धुतला तरी नळीत, रबरी वॉशरमध्ये कीटकनाशक राहतं, आणि आपण ते माणसाच्या चेहऱ्यावर मारणार असतो. यात तडजोड नाही. नवा पंप, कोरी नळी. नोझल काढून टाकायचं, सहा मिलिमीटरची पारदर्शक नळी जोडायची, ती पाठीकडून सदऱ्याच्या आत, खांद्यावरून मानेपर्यंत आणून वैद्यकीय चिकटपट्टीने बसवायची. रक्त निम्म्याने पातळ करायचं आणि कापडातून गाळायचं. कॅमेरा सुरू करण्याआधी नळीतली हवा काढायची, ठिबकची लाइन सुरू करताना काढतात तशीच. हवा राहिली की धार फुसफुसते आणि प्रेक्षक हसतो. धमनी कापली गेली तर रक्त ठोक्याठोक्याने उडतं. घाबरलेल्या माणसाचे मिनिटाला १२० ठोके धरले तर अर्ध्या सेकंदाला एक उसळी. नळीवर बोट दाबून-सोडून हा ताल साधतो. दर उसळीला जोर कमी होत गेला पाहिजे. आणि आधीच मेलेल्या माणसावर वार केला तर रक्त उडत नाही, नुसतं ओघळतं, कारण दाब देणारं हृदय थांबलेलं असतं. कपड्याखाली बारूद लावून रक्त उडवण्याचं काम परवानाधारक तज्ज्ञाशिवाय कोणीही करू नये.

जखमा जिलेटिनच्या स्वस्तात होतात. शंभर मिली ग्लिसरीन, तीस मिली पाणी, पंचवीस-तीस ग्रॅम जिलेटिन. वीस मिनिटं भिजू द्यायचं, मग भांडं गरम पाण्यात ठेवून हळू वितळवायचं. उकळी आली तर बुडबुडे धरतात आणि पकड जाते. कातडीवर लावण्याआधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचा. डिसेंबरात हे सुंदर चालतं. एप्रिल-मेमध्ये घामाने कडा सुटतात, दुपारी तर जखम ओघळून गळ्यापर्यंत येते. उन्हाळ्यात चित्रीकरण टाळता येत नसेल तर सिलिकॉन. दोन भागांचं, प्लॅटिनमने पक्कं होणारं. ते मळताना रबराचे लॅटेक्स हातमोजे घातले तर त्यातल्या गंधकामुळे सिलिकॉन कधीच घट्ट होत नाही, चिकट राहतं, नायट्राइलचे घालावेत.

जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. ज्या कलाकाराच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्याला हे आधी सांगायचं, चेहऱ्याला लावून झाल्यावर नाही. मराठवाड्यातल्या गावात गर्दीच्या प्रसंगाला जी माणसं मिळतात त्यांतले कितीतरी जण वारकरी असतात. ते हौसेने येतात, उन्हात थांबतात, मानधन विचारत नाहीत. त्यांना लॅटेक्स आणि टिश्यू पेपरची जखम करावी. तीन थर, प्रत्येक थर थंड हवेवर पूर्ण वाळवून. भुवया-मिशांवर आधी व्हॅसलीन, नाहीतर काढताना केस उपटले जातात. लॅटेक्सला अमोनियाचा वास येतो, डोळ्यांजवळ नको, आणि कोणाला रबराची अ‍ॅलर्जी आहे का हे कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून आदल्या दिवशी बघावं.

गावाची जागा कशी वापरायची यावर बोलावंसं वाटतं, कारण इथे मराठवाड्याकडे जे आहे ते सगळीकडे नाही. माळवदाची घरं. सपाट मातीची छपरं, एकमेकाला लागून, गल्लीच्या वरून दुसरी वाट असावी तशी. खाली पिसाळलेली गर्दी आणि वर एका माळवदावरून दुसऱ्यावर जाणारी दोन माणसं. उजेडासाठी छपरात ठेवलेल्या सान्यातून खालच्या अंधाऱ्या खोलीत पडणारा उन्हाचा एकच झोत आणि त्या झोतात येऊन वर बघणारा चेहरा. असा प्रसंग रचायला कोणताही खर्च नाही. मात्र या छपरावर फूटभर मातीचं वजन असतं आणि खाली जुनी लाकडं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं दगडमातीच्या भिंती आणि अशाच छपरांखाली गाडली गेली. चित्रीकरणाआधी खालून प्रत्येक तुळई बघा, वाळवी लागली आहे का ते टोचून बघा, एका खणावर दोघांपेक्षा जास्त माणसं उभी करू नका, आणि उडी मारायचा प्रसंग जमिनीवर मातीचा ओटा करून घ्या.

साथीची भीती दाखवायला आपल्याकडे प्रयोगशाळा लागत नाही. मरीआईचा गाडा आहे. पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, काळात गावची साथ देवीच्या गाड्यावर घालून शिवेपर्यंत न्यायची आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायची, त्या गावाने ती पुढे ढकलायची. आपलं दुखणं शेजारच्या शिवेत सोडून माघारी फिरणारी माणसं, मागे वळून न बघता. या प्रथेत एक आख्खा चित्रपट आहे. फक्त मरीआईचा भक्त असलेल्या पोतराजाला भुताटकीचं सोंग म्हणून वापरू नये; त्याची भक्ती खरी आहे आणि त्याच्या हातातला आसूडही त्याच्याच अंगावर पडतो.

हिंसेचा अर्धा भार आवाजावर असतो, आणि इथे शेतकऱ्याच्या घरात सगळं साहित्य पडून असतं. बोटं मोडण्यासाठी वाळलेल्या पऱ्हाट्या, हात मोडायला कांड्याचा ताजा ऊस, बरगड्यांसाठी वाळलेला कडबा एका ओल्या टॉवेलात गुंडाळून पिळायचा. टॉवेलामुळे कोरडा ‘कट्’ आवाज मांसाच्या आत गेल्यासारखा दबतो. चाव्यासाठी अर्धवट पिकलेलं खरबूज, सालासकट दात लावून. माइक वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, म्हणजे रसाचे थेंब त्यावर उडत नाहीत. रेकॉर्डिंग रात्री करावं, पण आधी रानातल्या मोटारींना लाइट किती वाजता आहे ते विचारावं. रात्रपाळीची लाइट असेल तर पहाटेपर्यंत गुणगुण चालू राहते आणि ती नंतर काढता येत नाही.

लोकांना आधी सांगणं हे मेकअपइतकंच काम आहे. पोलिस ठाण्याला लेखी पत्र, ग्रामपंचायतीला प्रत, पारावर फलक, आणि चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी देवळाच्या स्पीकरवरून घोषणा. २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार केलं. अफवा किती वेगाने माणसाचा जीव घेते हे तिथे दिसलं. रक्ताने माखलेला कलाकार चहा प्यायला टपरीवर गेला, कोणी लांबून व्हिडिओ काढला, ‘अमुक गावात माणसं चावतायत’ म्हणून तो फिरला, तर पुढचं आपल्या हातात राहत नाही. मेकअपमधल्या माणसाने दोरीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. चहा आत येईल.

कापाकापी संपादनाच्या टेबलावर ठरते. हाताने केलेली जखम कितीही चांगली असली तरी दोन सेकंदांच्या पुढे टिकत नाही. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर ४८. तिथून डोळा कड शोधू लागतो. ‘द सॅडनेस’मध्ये आहे तशी लैंगिक हिंसा मात्र ४८ चौकटीही नको. ती दाखवून भीती वाढत नाही, बघणारी बाई उठून जाते, आणि तिचं उठून जाणं बरोबर असतं. त्या चित्रपटाचं कौतुक करूनही हे म्हणायला हवं. दाराबाहेर उभं राहून ऐकणाऱ्या पात्राचा चेहरा पुरतो. आणि जिची ती भूमिका आहे त्या अभिनेत्रीला प्रसंगाची प्रत्येक हालचाल आठवडाभर आधी कागदावर मिळाली पाहिजे, ऐन वेळी एकही बदल न करता.

आवरताना गोड रक्त ओढ्यात, बारवेत किंवा उघड्यावर ओतू नका. ग्लुकोजच्या वासाला शेळ्या आणि वासरं येतात, जमीन चाटतात, आणि त्यात साबण असतो. शोषखड्ड्यात ओतून वर माती लोटा. फरशीवरचं आधी थंड पाण्याने काढा, मग कोमट. अंगावरचा लाल रंग शेव्हिंग क्रीम लावून दोन मिनिटांनी पुसला की बराचसा निघतो, उरलेला दोन दिवसांत जातो. ज्यांच्या ओसरीची भिंत रंगली त्यांना पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात त्याच आठवड्यात द्या, पुढच्या नाही.